गोल कोणत्या पायाने झाला

मी गाडीवर काम करतो असं सांगितलं की लोक विचारतात, एस.टी.च्या का? नाही म्हटलं की विचारतात, मग ट्रकवर? कॉलेजात शिकणारा मुलगा ट्रकवर क्लीनर आहे असं समजून त्यांना वाईट वाटायला लागतं. म्हणून आधीच सांगून टाकतो. आमची गाडी सरकारी प्रसिद्धीची. एक जीप, तिच्यात लहान फिल्मचा प्रोजेक्टर, जनरेटर, दोन लांब बांबू, कापडी पडदा, एक कर्णा आणि फिल्मचे पत्र्याचे गोल डबे. परभणी जिल्ह्यातल्या गावोगावी जायचं आणि खत, बियाणं, देवीची लस, कुटुंब नियोजन अशा विषयांवरच्या फिल्म फुकट दाखवायच्या. माणसं दोनच. गाडी चालवणारे आणि प्रोजेक्टर चालवणारे रहीममामू, आणि कर्ण्यावरून बोलणारा मी. मी रोजंदारीवर, म्हणजे गाडी निघाली तर काम.

बी.ए.चे तास सांभाळून मी हे करत आलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळासुद्धा पुरी केलेली नाही, त्यामुळे दिवाळी अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी घाबरलो. लिहायचं तर कामाबद्दलच, पण खताबद्दल लिहावंसं वाटेना. फुटबॉलबद्दल लिहितो.

फुटबॉल मला खेळता येत नाही. आमच्या भागातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवते, तिच्यावर चेंडू कुठे पळणार? पण आमच्या डब्यांत एक डबा फुटबॉलचा होता. आपल्या देशाच्या फुटबॉल संघाची हकिगत सांगणारं एक रीळ. काळंपांढरं, जागोजागी तुटून जोडलेलं. फिल्म तुटली की खराब तुकडा कात्रीने काढून टाकायचा, दोन्ही टोकं पात्याने खरवडायची आणि खास गोंदाने चिकटवून दाबून धरायची. प्रत्येक जोडाला रीळ थोडं आखूड होतं. मी कामावर आलो तेव्हाच त्याच्यातले खेळाडू पळता पळता मधेच दोन पावलं पुढे उडी मारायचे.

त्यातलं निवेदन हिंदीत होतं आणि आवाज घसा बसल्यासारखा येई. म्हणून मामू आवाज बंद करत आणि मी मराठीत सांगत असे. सुरुवात लंडनच्या ऑलिंपिकपासून. देश नुकता स्वतंत्र झालेला, आपले बरेच खेळाडू अनवाणी, घोट्याला नुसत्या पट्ट्या. फ्रान्सशी सामना. समोर फक्त गोलरक्षक आणि बाकी सगळे बाजूला, अशी मोकळी संधी आपल्याला दोनदा मिळाली, दोन्ही हुकल्या, आणि एका गोलाने हरलो. मग दिल्ली. पहिल्या आशियाई स्पर्धा, इराणला हरवून सुवर्णपदक. मग मेलबर्न. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात चार गोल घातले आणि ऑलिंपिकात चौथे आलो. आशियातला कुठलाही संघ तोवर तिथपर्यंत पोचला नव्हता. मग रोममध्ये फ्रान्सशी बरोबरी. शेवटी जकार्ताच्या आशियाई स्पर्धा. मैदानभर लोक आपल्याविरुद्ध ओरडत होते, आणि आपण दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक असं हरवून पुन्हा सुवर्णपदक घेतलं. तिथं रीळ संपायचं. त्यानंतर सत्तर साली बँकॉकला जपानला हरवून तिसरे आलो होतो, ते मी तोंडी सांगायचो. तोपर्यंत लोक उठून धोतर झटकायला लागलेले असत.

पाथरीला एकदा एक म्हातारे जमादार घरची खुर्ची घेऊन आले. निजामाच्या काळापासून हैदराबादेत पोलिसात होते. सगळं पाहून झाल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"मियाँ, हेलसिंकी के दस गोल कायको नै बोले?"

मी म्हटलं, "कोणते दहा गोल?"

"युगोस्लावियावाले मारे सो. बर्फ जैसी थंडी थी, अपने पोट्टे नंगे पाँव."

"ते रिळात नाही, चाचा."

"रीलाँ में नै तो तुम बोलो. हारे सो बी बोलना. नै तो लोगां समझते, ये पोट्टे पैदा होतेच जीतते थे."

मी कॉलेजच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत शोधलं, तर हेलसिंकीच्या ऑलिंपिकात आपण दहा विरुद्ध एक असे खरंच हरलो होतो. त्यानंतर मी ते दहा गोल सांगायला लागलो. गंमत म्हणजे लोक तेव्हाच जास्त कान देऊन ऐकू लागले. संघ अर्धा हैदराबादचा होता हे सांगितलं की आमच्याकडची जुनी माणसं एकमेकांकडे पाहत. हैदराबाद म्हणजे काल-परवापर्यंत आपलीच राजधानी.

फुटबॉलचं रीळ सगळ्यात जास्त फिरलं ते नसबंदीच्या वर्षी. त्या वर्षी सरकारी जीपचा धुरळा दिसला की गावातले पुरुष ज्वारीत शिरायचे. झरीला आम्ही पोचलो तर पारावर नुसत्या चपला. मामू म्हणाले, "मास्टर, बोलो, आज सिर्फ फुटबॉल."

मी कर्ण्यावरून तेच सांगत राहिलो. थोड्या वेळाने कडब्याच्या गंजीमागून एका बाबांचं डोकं वर आलं.

"नक्की फुटबालच का?"

"नक्की, बाबा."

"दुसरं काई न्हाई नं मधी?"

"नाही."

"गाडीत डाक्टर हाय का?"

"गाडीत आम्ही दोघंच. बघून घ्या."

बाबांनी जीपच्या मागचं फाळकं उघडून आत पाहिलं, जनरेटरला हात लावला आणि गंजीकडे तोंड करून म्हणाले, "या रं. न्हाई कोणी."

अंधार पडेपर्यंत मैदान भरलं. सगळं नीट चाललं होतं. मेलबर्नच्या सामन्यात एक खेळाडू पडतो आणि पांढऱ्या कपड्यातला एक माणूस पेटी घेऊन मैदानात धावत येतो. तो पेटीवाला पडद्यावर दिसला मात्र, मागून कुणीतरी म्हणालं, "आला बघा." अर्धी माणसं उठली. मी सांगतोय, तो खेळाडूचा पाय चोळायला आलाय, तर एकजण जाता जाता म्हणाला, "सुरुवातीला पायच चोळतेत, मास्तर."

मामू इतके हसले की त्यांच्याकडून दिवा बंद झाला.

आता आमच्या गावाचं सांगतो. राणीसावरगावच्या पुढे आत आहे, नाव लिहीत नाही. तिथली माणसं हा अंक वाचतील, आणि मला वाईट कुणाबद्दलच लिहायचं नाही.

आमचा पडदा पातळ कापडाचा. मोकळ्या मैदानात दोन बांबूंच्या मधे ताणला की चित्र दोन्ही बाजूंनी दिसतं. प्रोजेक्टर ज्या बाजूला ती पुढची बाजू. आमच्या गावात पुढे गावातले पुरुष बसत. पडद्याच्या पाठीमागे एका अंगाला बायका, आणि दुसऱ्या अंगाला आमच्या वस्तीची, म्हणजे बौद्धवाड्याची माणसं. कुणी तिथं बसा म्हणायचं नाही, कुणी इथं बसू नका म्हणायचं नाही. पाय आपोआप तिकडे वळायचे. मागून चित्र थोडं फिकट दिसतं, आणि प्रोजेक्टरचा दिवा कापडातून डोळ्यावर येतो, पडद्याच्या मधोमध एक पिवळा गोळा. फुटबॉल पाहताना मागच्या माणसांना दोन चेंडू दिसत, एक पळणारा आणि एक जागचा न हलणारा.

आणि मागून सगळं उलटं दिसतं. हे मला पहिलीत कळलं. मला नुकती अक्षरं लागायला लागली होती. गावात अशीच एक गाडी आली, तेव्हा पाठीमागे दादांच्या, म्हणजे वडिलांच्या मांडीवर बसून मी पडद्यावरचं नाव वाचायला गेलो, तर एकही अक्षर ओळखू येईना. दादांना विचारलं, अक्षरं उलटी का? ते म्हणाले, "शिनेमातली अक्षरं आशीच असत्यात." मी पुष्कळ दिवस ते खरं मानलं.

मी गाडीवर लागल्यावर हे रीळ गावात पहिल्यांदा आणलं तेव्हा दादांना ते वेड्यासारखं आवडलं. दादा सालगडी. आयुष्यात फुटबॉल पाहिलेला नाही. पण दिल्लीच्या भागात एक जागा आहे. एक अनवाणी खेळाडू कडेने पळत येतो, बूट घातलेला एक धिप्पाड गडी आडवा येतो, आणि हा त्याला चकवून चेंडू मारतो. जाळी हलते. सामना कुठला ते निवेदक सांगत नाही. दादा त्या खेळाडूला "आपला अनवाण्या" म्हणत. घरी भाकरी खाताना विषय तोच.

"काय मारला त्यानं. डाव्या पायानं, अन् येवढा नेम."

मी म्हटलं, "उजव्या पायाने, दादा."

"डाव्या. म्या डोळ्यानं पाहिलंय."

"मी रोज पाहतो. उजवाच आहे."

माय चुलीपुढून म्हणाली, "पायाचं काय घेऊन बसलाव बापलेक? गोल झाला नव्हं?"

उलटं का दिसतं ते मला सांगता आलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे, तुम्ही मागे बसता, असं वडिलांना तोंडावर सांगायचं. ते काय त्यांना माहीत नव्हतं? कॉलेजात मी वादविवादात समतेवर बोललो होतो आणि टाळ्याही मिळाल्या होत्या. घरात भाकरीपुढे मला ते एक वाक्य बोलता आलं नाही. तेव्हापासून मनात एकच राहिलं, की दादांनी तो गोल एकदा समोरून पाहावा.

वर्ष गेलं. रीळ पुन्हा एकदा गावात लागलं, दादा पुन्हा मागेच बसले. मग वरून निरोप आला की या रिळाला फार जोड झालेत, परत पाठवा. मामूंनी विचारलं, "आखरी बार कहाँ लगाऊँ, मास्टर?" मी आमच्या गावाचं नाव घेतलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

त्या दिवशी पडदा बांधताना मी दादांना म्हटलं, "आज पुढं बसा की. माझ्याजवळ. प्रोजेक्टरपाशी."

"कशाला?"

"असंच. शेवटचा खेळ आहे."

"तिथं माणसं असत्यात," दादा म्हणाले आणि वळून मागे गेले. मला आणखी आग्रह करता आला नाही.

लंडन झालं. दिल्ली आली. अनवाण्या कडेने पळत आला, चकवलं, मारलं. मी नेहमीसारखं कर्ण्यावरून म्हटलं, "उजव्या पायाने सणसणीत गोल."

पडद्यामागून आवाज आला, "डाव्या."

दादांचा आवाज होता. गावच्या मैदानात ते कधी मोठ्याने बोललेले मी ऐकले नव्हते.

पुढे माणिकराव पाटील बसले होते. त्यांनी मान उचलली. "कोण रं ते?"

"मी, सखाराम."

"सखाराम, तुजंच पोरगं सांगायलंय की उजवा म्हणून."

"पोरगं कॉलेजात शिकतंय पाटील, पर पाय म्या पाहिलाय."

पुढची माणसं हसली. पाटील हौशी माणूस, कुस्त्यांच्या फडात पंच म्हणून बसणारे. म्हणाले, "मामू, फिरवा माघारी. निवाडा करू."

प्रोजेक्टर उलटा चालवता येतो. मामूंनी बटण फिरवलं. चेंडू जाळीतून निघाला, हवेतून मागे आला आणि अनवाण्याच्या पायाला येऊन चिकटला. पोरं खिदळली. मग पुन्हा सुलटं. पुढून आवाज आला, "उजवा!" मागून आला, "डावा!" मागचा आवाज मोठा होता, कारण त्यात बायकाही होत्या.

"डावाच हाय," पडद्यामागून पाटलीणबाई म्हणाल्या. "हितं समद्याच म्हणायल्यात."

"तू गप गं," पाटील म्हणाले. "सखाराम, हिकडं ये. ये पुढं, अन् नीट बघ."

काही क्षण कुणीच आलं नाही. मग बांबूला वळसा घालून दादा आले. डोक्यावरचा पटका काढून हातात घेतलेला. येऊन प्रोजेक्टरपाशी उभे राहिले, माझ्यापासून दोन हातांवर. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मामूंनी पुन्हा मागे घेतलं आणि पुन्हा सोडलं. अनवाण्या आला, चकवलं, मारलं.

दादा बघत राहिले.

"काय?" पाटलांनी विचारलं. "कोणता?"

"हितून उजवा हाय."

"मग आता?"

"तिकून डावा हाय." दादा थांबले. मग म्हणाले, "पाटील, तुमी एकदा तिकून बघा."

कर्णा माझ्या हातात होता आणि तो कुठे ठेवावा ते मला सुचत नव्हतं. दादांचं साल पाटलांच्या घरात नसलं तरी त्यांच्या भाऊबंदांत होतं. मामूंनी बटणावरचा हात काढला नाही.

पाटील उठले. धोतर सावरून, बांबूला वळसा घालून पलीकडे गेले. "हं, सोडा," असा तिकडून आवाज आला. मामूंनी सोडलं.

"आरं," पाटील पडद्यामागून म्हणाले. "डावाच की."

मागची सगळी बाजू हसली.

"अन् हे मधी काय चमकतंय? डोळ्यात यायलंय लय."

"ते असतंच," पाटलीणबाईंचा आवाज आला. "तुमाला आज दिसलं. बसा आता खाली, बायांच्या आड यायलाव."

यावर दोन्ही बाजू हसल्या. पाटील तिथंच बसले की उभे राहिले, मला पुढून दिसलं नाही. मामूंनी रीळ पुढे जाऊ दिलं आणि मेलबर्न सुरू झालं. दादा तिथंच उभे होते. त्यांना परत जायला कुणी सांगितलं नव्हतं आणि बसायलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या डोक्याची सावली पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पडली होती, आणि ऑस्ट्रेलियाचा गोलरक्षक तिच्यात जाऊन दिसेनासा होत होता.

त्यांच्या पाठीमागे बसलेल्या गावातल्या पुरुषांतून कुणीतरी वैतागून म्हणालं, "खाली बसा की हो सखाराम, दिसंना झालंय."

दादांनी मागे वळून पाहिलं. बोलणाऱ्याने गुडघा थोडा सरकवला. दादा खाली बसले.

मेलबर्नचे चार गोल मी तीनच सांगितले, असं मामू नंतर म्हणाले. असेल. रोम झालं, जकार्ता झालं. रीळ संपून पांढरा उजेड पडद्यावर आला तेव्हा दादा पटका मांडीवर ठेवून बसले होते आणि शेजारचा माणूस त्यांना आपली पानतंबाखूची चंची देत होता.

घरी जाताना दादा माझ्याबरोबर होते. थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "उजवाच होता."

"हो."

"ही पोरं आता म्हातारी झाली असतील."

"झाली असतील."

"आता कोण खेळायलंय?"

मी बँकॉकचं सांगितलं, जपानला हरवून तिसरे आलो ते.

"तिसरा बी लय हाय. अन् त्याच्यानंतर?"

त्याच्यानंतर चौऱ्याहत्तर साली तेहरानच्या आशियाई स्पर्धांत आपण एकही सामना जिंकला नव्हता. पाथरीच्या जमादारांचं ऐकून मी तेही सांगितलं. दादांनी पटका डोक्याला गुंडाळला. मग म्हणाले, "पुन्हा पहिले येतील तवा त्याचं बी रीळ निघंल का?"

"निघेल."

ते रीळ परत गेलं. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. येत्या डिसेंबरात पुन्हा बँकॉकलाच स्पर्धा आहेत. कॉलेजात कुणाला त्याचं काही नाही, सगळे क्रिकेटचं बोलतात. मी मात्र वर्तमानपत्राचं शेवटचं पान आधी उघडतो आणि आपल्या संघाची कुठे एखादी ओळ आहे का ते पाहतो. बहुतेक नसते. तरी खेड्यात पडदा बांधताना अजून कुणीतरी विचारतं, मास्तर, आज फुटबाल हाय का? नाही म्हणताना मला दर वेळी थोडं लाजल्यासारखं होतं, जणू संघ माझ्यामुळे जिंकत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही आमच्या गावात खताची फिल्म घेऊन गेलो. पडदा त्याच दोन बांबूंवर, माणसं आपापल्या बाजूला. मी बांबू रोवून घराकडे गेलो. दादा ओसरीवर बसून दोरी वळत होते.

"येताव का?" मी विचारलं.

"काय लावलंय?"

"खताचं."

त्यांनी दोरीला पीळ दिला.

"फुटबॉल आला की सांग," ते म्हणाले.